खडी व वाळू (बांधकाम साहित्य)

खडी व वाळू ही काँक्रीट, गिलावा, रस्ते आणि लोहमार्ग यांच्या बांधकामात वापरली जाणारी दगडी द्रव्ये होत. ४.७५ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून खाली पडणारे कण बारीक, तर चाळणीवर राहणारे कण भरड समजले जातात. भारतात त्यांची प्रत ‘आयएस ३८३’ या मानकानुसार ठरते.

उपयोग

काँक्रीटच्या घनफळाचा सुमारे ६० ते ७५ टक्के भाग खडी व वाळूचा असतो. खडीमधील पोकळ्या वाळूने भरतात आणि सिमेंटमुळे सर्व कण एकसंध होतात. एम२० प्रतीसाठी सिमेंट, वाळू व खडी यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे १:१.५:३ असते. वाळूत माती अधिक असल्यास पकड कमी होते. समुद्रकाठच्या न धुतलेल्या वाळूतील क्षारांमुळे सळया गंजतात. लोहमार्गावरील कोनदार खडी भार पसरवते व पाण्याचा निचरा करते.

उपसा व पर्याय

दख्खनच्या पठारावर खडी मुख्यतः काळ्या पाषाणापासून (बेसाल्ट) तयार होते. नदीपात्रातील वाळूचा थर पाणी धरून ठेवतो. बेसुमार उपशामुळे काठच्या विहिरींची पातळी खालावते आणि पुलांचे पाये उघडे पडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ५ हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरवली. दगड दळून केलेली कृत्रिम वाळू (क्रश सँड) हा नदीच्या वाळूला पर्याय आहे. मात्र तिच्यासाठी डोंगर फोडावे लागतात.