स्प्रेडशीटमधील तारीख आणि कालावधी: हिशोब कसा होतो, कुठे चुकतो

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये दिसणारी तारीख ही प्रत्यक्षात एक संख्या असते. प्रत्येक दिवसाला क्रमांक दिलेला असतो. १ जानेवारी २०२४ चा क्रमांक ४५२९२, तर २ जानेवारीचा ४५२९३. वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक: दुपारचे १२ म्हणजे ०.५, संध्याकाळचे ६ म्हणजे ०.७५. सेलचा फॉरमॅट फक्त ही संख्या कशी दाखवायची ते ठरवतो. हे लक्षात ठेवले की बहुतेक चुकांचे कारण सापडते.

दिवस मोजणे

नंतरच्या तारखेतून आधीची तारीख वजा केली की दिवस मिळतात. ३० एप्रिलमधून १ एप्रिल वजा केल्यास २९ येतात. हजेरी किंवा रजेच्या हिशोबात दोन्ही दिवस धरायचे असतात, म्हणून १ मिळवावा लागतो. कामाचे दिवस देणारे ‘नेटवर्कडेज’ हे फंक्शन मात्र सुरुवातीचा आणि शेवटचा दिवस धरूनच मोजते. ते शनिवार-रविवार वगळते. सणांच्या सुट्ट्या वगळण्यासाठी त्यांची यादी द्यावी लागते.

वय आणि महिने

दिवसांना ३६५ ने भागून वय काढण्याची पद्धत सर्रास वापरली जाते, पण ती चुकीची आहे. ५ जानेवारी २००६ रोजी जन्मलेल्या व्यक्तीचे १ जानेवारी २०२४ ला ६,५७० दिवस होतात. ३६५ ने भागल्यास उत्तर बरोबर १८ येते. प्रत्यक्षात १८ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस बाकी असतात, कारण मध्ये चार लीप वर्षे येऊन गेली. १ जानेवारी हा मतदार यादीसाठीचा एक अर्हता दिनांक आहे. तिथे हा फरक निर्णायक ठरतो. पूर्ण वर्षांसाठी ‘डेटडिफ’ फंक्शन ‘वाय’ या एककासह वापरावे. ठरावीक महिन्यांनंतरची तारीख ‘ईडेट’ देते: ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवला की २९ फेब्रुवारी येते.

रात्रपाळीचे तास

रात्री १० ते सकाळी ६ या पाळीत फक्त वेळा नोंदवल्या असतील तर वजाबाकी ऋण येते आणि एक्सेलच्या सेलमध्ये नुसत्या #### खुणा दिसतात. अशा वेळी वजाबाकी ‘मॉड’ फंक्शनमध्ये घालून भाजक १ द्यावा. उत्तर ८ तास येते.

मजुरी काढताना या उत्तराला आधी २४ ने गुणावे. ८ तास म्हणजे आत ०.३३३ दिवस, ताशी १०० रुपये दराने थेट गुणल्यास ८०० ऐवजी ३३.३३ रुपये होतात. अशा सहा पाळ्यांची बेरीज ४८ तास, म्हणजे नेमके दोन दिवस. साधा वेळेचा फॉरमॅट पूर्ण दिवस दाखवत नाही, त्यामुळे सेलमध्ये ०:०० दिसते. एक्सेलमध्ये तासांचे अक्षर चौकोनी कंसात घातल्यास आणि गूगल शीट्समध्ये कालावधीचा फॉरमॅट निवडल्यास ४८:०० दिसते.

मजकूर झालेली तारीख

फाइलची सेटिंग अमेरिकी पद्धतीची असेल तर ३/४/२०२४ ही ३ एप्रिल न राहता ४ मार्च होते, म्हणजे ३० दिवसांचा फरक पडतो आणि कोणतीही सूचना येत नाही. १३/४/२०२४ मात्र तारीख म्हणून स्वीकारलीच जात नाही, ती मजकूर म्हणून राहते. तपासण्यासाठी त्या रकान्याचा फॉरमॅट तात्पुरता संख्येचा करावा. खऱ्या तारखांच्या जागी क्रमांक दिसतील, मजकूर जसाच्या तसा राहील. नवी नोंद करताना महिन्याचे नाव अक्षरांत लिहिल्यास दिवस-महिन्याची अदलाबदल टळते.