कांचन (घड्याळ)

कांचन : एचएमटी या सरकारी कंपनीचे ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ. सोनेरी मुलामा, २१ ज्वेल, तारखेसोबत वार. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. डायलवरचा ‘पॅराशॉक’ हा शब्द त्याच नात्यातून आला. सिटिझनच्या धक्कारोधक रचनेचे ते नाव. माढ्यासारख्या तालुक्याच्या गावापासून मुंबईपर्यंत लग्नात जावयाला घड्याळ देत, त्यात कांचनचा मान मोठा होता.

मागचे झाकण उघडताच अर्धवर्तुळाकार रोटर दिसतो. हात हलला की हे वजन फिरते आणि दातेरी चाकांमार्फत मुख्य स्प्रिंग गुंडाळते. ‘जनता’सारख्या चावीच्या घड्याळात स्प्रिंगचे बाहेरचे टोक डबीत अडकवलेले असते, म्हणून चावी भरली की ती पुढे फिरत नाही. ऑटोमॅटिकमध्ये हात तर हलतच राहतो. त्यामुळे ते टोक डबीच्या भिंतीवर नुसते दाबून ठेवलेले असते. स्प्रिंग पूर्ण भरली की ते घसरते आणि जास्तीचा ताण निघून जातो. या यंत्रातली सर्वांत सुंदर युक्ती हीच.

वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या कांचनमधले तेल सुकून चिकट होते. घड्याळजी आधी स्प्रिंगचा ताण सोडतो, मग भाग सुटे करून धुतो. खरे कसब तेल देण्यात आहे. ज्वेलच्या खळग्यात सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब हवा. जास्त झालेले तेल केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगवर गेले, तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची लांबी जणू कमी होते आणि घड्याळ बेसुमार पुढे पळते.

एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतला. त्यामुळे सुटे भाग बहुधा दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावे लागतात. यंत्राची अशी दुरुस्ती जरूर करावी. डायल मात्र रंगवू नये. जुने डायल भडक रंगवून विकलेल्या घड्याळांना संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्यांत कारखान्याची मूळ छपाई कायमची पुसली जाते. घेताना भिंगाखाली पाहावे : अक्षरे जाड किंवा तिरकी, मिनिटांच्या रेघा असमान, तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा थर दिसला, तर डायल नव्याने रंगवलेले समजावे.