जकातनाक्यावरची हाक

जकातदार हा कोणत्याही काळी आणि कोणत्याही देशी लोकांच्या प्रेमाचा विषय झालेला नाही. येशू ख्रिस्ताच्या काळच्या ज्यू समाजात तर त्याची गणना पापी माणसांतच होई; कारण परकी रोमन सत्तेच्या छायेत तो स्वकीयांकडून पैसा वसूल करी. अशाच एका जकातदाराची, मत्तयाची, कथा शुभवर्तमानाने थोडक्यात उरकली आहे. तो नाक्यावर बसला होता. येशूने त्याला आपल्यामागे येण्यास सांगितले. तो उठला आणि गेला. त्या क्षणी त्याच्या मनात काय आले, याविषयी ग्रंथ मौन बाळगतो. कारावाज्जो या इटालियन चित्रकाराने हे मौनच आपल्या चित्राचा विषय केले.

रोममध्ये सान लुइजी देइ फ्रांचेसी नावाचे फ्रेंचांचे चर्च आहे. त्यातील एक प्रार्थनाकक्ष आपल्या नावाच्या संताच्या, म्हणजे मत्तयाच्या, चित्रांनी सजवावा, अशी कार्डिनल कोंतारेल्ली यांची इच्छा होती. १५८५ साली ते वारले. पैशाची तरतूद होती, तरी काम रेंगाळले. नेमलेल्या नामांकित चित्रकाराने छत रंगवले; भिंती तशाच राहिल्या. रखडलेल्या कामांशी नित्य परिचय असलेल्या आम्हां सरकारी नोकरांना हा इतिहास परका वाटू नये! अखेर १६०० हे यात्रेचे पुण्यवर्ष तोंडावर आले, तेव्हा जुलै १५९९ मध्ये सत्तावीस वर्षांच्या कारावाज्जोशी दोन चित्रांसाठी चारशे स्कुदी या नाण्यांचा करार झाला. त्यांपैकी एक हे ‘मत्तयाला पाचारण’.

सव्वातीन मीटरांच्या आसपास लांबीरुंदीच्या या तैलचित्रात एक कळकट खोली दिसते. मेजाभोवती पाच माणसे बसली-उभी आहेत. त्यांचे कपडे पॅलेस्टाइनचे नाहीत, चित्रकाराच्या काळच्या रोमचे आहेत. एका तरुणाच्या कमरेला तलवारही आहे. उजवीकडून येशू आणि पेत्र आत आले आहेत. येशूचे अंग पेत्राच्या आड लपले असून चेहरा आणि पुढे केलेला हात एवढेच उठून दिसतात. तो हात सिस्टाइन कक्षाच्या छतावर मायकेलअँजेलोने रंगविलेल्या आदमाच्या हाताची आठवण देतो. भिंतीत खिडकी आहे, पण प्रकाश तिच्यातून येत नाही. तो येशूच्या मागून, वरच्या बाजूने तिरपा येतो. गंमत अशी की, चित्र वेदीच्या डाव्या भिंतीवर असल्यामुळे वेदीवरील खऱ्या खिडकीचा उजेडही त्याच दिशेने येतो. चित्रातला प्रकाश आणि वास्तूतला प्रकाश एकच होऊन जातात.

धर्मचित्रे सामान्य भाविकालाही उमगावीत, असा आग्रह त्या काळी ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर कॅथलिक चर्चने धरला होता. कारावाज्जोने तो आग्रह कल्पनेपलीकडे नेला. त्याने आकाश उघडले नाही की देवदूत उतरवले नाहीत. हिशेब चाललेल्या खोलीत त्याने केवळ एक हाक येऊ दिली.

परंतु ही हाक नेमकी कोणाला? परंपरेने मधल्या दाढीवाल्या गृहस्थाला मत्तय मानले आहे. तो बोटाने जणू ‘मला?’ असे विचारतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही अभ्यासकांनी वेगळा अर्थ मांडला: ते बोट शेजारच्या तरुणाकडे आहे आणि मान खाली घालून नाणी मोजणारा तो तरुणच मत्तय होय. मला परंपरेचा पक्ष पटतो. कारण त्याच कक्षातील इतर चित्रांतही संताचा चेहरा याच दाढीवाल्याशी जुळतो. तथापि या वादाने एक गोष्ट मात्र लक्षात आणून दिली. तो तरुण मत्तय असो वा नसो, त्याने हाक ऐकलेली नाही. प्रकाश त्याच्यावरही पडला आहे आणि तो मोजतोच आहे.

१६०६ साली कारावाज्जोच्या हातून एका माणसाचा वध झाला. त्याला रोम सोडून पळावे लागले आणि १६१० मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो परागंदा अवस्थेतच मेला. संतांचे आयुष्य रंगवणारा हा माणूस संत नव्हता. म्हणूनच कदाचित उठून चालू लागलेला मत्तय त्याने रंगवला नाही. त्याने रंगवला तो अजून बसलेला, गोंधळलेला माणूस: ज्याचा डावा हात प्रश्न विचारतो आहे आणि उजवा हात अजून नाण्यांपाशीच आहे.