पहारीचा गव्हर्नर

सत्ता, संपत्ति आणि औदार्य हीं तिन्ही एकाच पुरुषाच्या ठायीं नांदूं लागलीं म्हणजे त्याच्या कृत्यांची पारख कठीण होते. अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानचा गव्हर्नर मॉर्गन बल्कली याचें चरित्र या दृष्टीनें मननीय आहे.

बल्कलीचा जन्म १८३७ सालचा. ईटना या आयुर्विमा कंपनीचा पहिला अध्यक्ष त्याचा पिता. १८७९ सालीं तें पद पुत्राकडे आलें, व १९२२ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्याच्याचकडे राहिलें. १८८० पासून आठ वर्षें तो हार्टफर्ड शहराचा नगराध्यक्षहि होता. त्या पदाचा पगार त्यानें घरीं नेला नाहीं; तो गोरगरिबांच्या निधीस दिला.

१८८९ मध्यें तो गव्हर्नर झाला. १८९० च्या निवडणुकीस तो पुन्हा उभाहि नव्हता. परंतु त्या काळीं विजयास निम्म्याहून अधिक मतें लागत, आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या मॉरिसला तेवढीं मिळालीं कीं नाहीं याविषयीं वाद माजला. विधिमंडळाच्या दोन सभागृहांत दोन पक्षांचें प्राबल्य, निर्णय होईना. नवा गव्हर्नर रीतसर ठरेपर्यंत जुन्यानेंच कारभार पाहावा, या आधारावर बल्कली खुर्चीवर राहिला. १८९१ मध्यें विरुद्ध पक्षाच्या मुख्य हिशेबनिसानें कचेरीच्या दारास कुलूप घातलें, तेव्हां बल्कलीनें पहारीनें दार उघडविलें. ‘पहारीचा गव्हर्नर’ हें नांव त्यास तेव्हांपासून चिकटलें.

दार उघडलें, पण तिजोरी उघडेना! खर्चास मंजुरीच नव्हती. तेव्हां ईटना कंपनीकडून सुमारे ३ लाख डॉलर उसने घेऊन बल्कलीनें संस्थानचा गाडा चालविला. १८९२ च्या जानेवारींत न्यायालयानेंहि त्याचाच हक्क मान्य केला. पुढें मॉरिस रीतसर निवडून आला, व १८९३ मध्यें बल्कली पायउतार झाला.

हें औदार्य म्हणावें काय? पगार दिला ती खरी पदरमोड. तो पैसा त्याचा स्वतःचा होता. विमा कंपनीचा पैसा मात्र विधवा व पोरकीं मुलें यांच्या भरंवशाचा ठेवा. तो राज्यकारभारास लावणें, आणि तोहि आपलीच खुर्ची वादांत असतां, हें हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याजोगें होतें, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदींच खोडून काढतां येणार नाहीं. त्या पैशानें संस्थानचीं देणीं भागलीं, हेंहि तितकेंच खरें.

धनिकाच्या मर्जीवर राज्य तगावें, ही धनिकाची थोरवी असली तरी राज्याची उणीव होय. कनेक्टिकटनें ती ओळखली. १९०१ सालीं घटना दुरुस्त होऊन सर्वाधिक मतें मिळविणारा विजयी ठरूं लागला, आणि पुन्हा तशी पहार उचलण्याचें कारण उरलें नाहीं.