पंधरावा चेंडू

१९६६ साली शिकागोत पूल या खेळाच्या यूएस ओपनचा अंतिम सामना होता. आधी दीडशे गुण करील तो विजेता. अर्विंग क्रेन टेबलाशी गेला आणि एकाच खेळीत दीडशे चेंडू पॉकेटमध्ये घालूनच थांबला. तेवढा सगळा वेळ जो बाल्सिस खुर्चीत बसून होता. प्रतिस्पर्ध्याला उठूच न देण्याची ही ताकद या खेळात आली कुठून, याचा माग काढताना आपण एका शिल्लक ठेवलेल्या चेंडूपाशी पोहोचतो.

आपल्याकडे बिलियर्ड्स म्हटलं की पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स आठवतात. १९५८ साली त्यांनी जागतिक विजेतेपद मिळवलं, ते तीन चेंडूंच्या इंग्लिश बिलियर्ड्समध्ये. पूल हा अमेरिकी खेळ निराळा. ‘पूल’ म्हणजे सगळ्यांनी मिळून लावलेला पैसा. शर्यतीच्या घोड्यांवर पैसे लावायच्या जागांना तिकडे पूलरूम म्हणत आणि दोन शर्यतींच्या मधल्या वेळात गिऱ्हाइकाचं मन रमावं म्हणून तिथं टेबलं मांडलेली असत. जागेची बदनामी खेळाला चिकटली. ती पुसण्यासाठी व्यावसायिक स्पर्धांच्या आयोजकांनी ‘पॉकेट बिलियर्ड्स’ हे सभ्य नाव धरून ठेवलं.

१८७८ मध्ये अमेरिकेत पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कॅनडाचा सिरिल डिऑन ती जिंकला. तेव्हा चेंडूवरचा आकडा हाच गुण असे. एक ते पंधराची बेरीज १२०, म्हणून ६१ झाले की डाव जिंकला. यात अन्याय होता. मोठ्या आकड्यांचे पाच चेंडू घालणारा, लहान आकड्यांचे दहा घालणाऱ्याला हरवू शके. १८८८च्या सुमारास ही मोजणी गेली. प्रत्येक चेंडूला एक गुण ठरला आणि गुण एका डावातून पुढच्या डावात मोजले जाऊ लागले. क्यूबात जन्मलेल्या आल्फ्रेडो दे ओरोने या काळात पुन्हा पुन्हा किताब घेतला.

तरी एक अडचण उरलीच. पंधराही चेंडू संपले की नवा घट्ट त्रिकोण फोडायचा, आणि तो फोडताना चेंडू पडण्याची खात्री नाही. त्यामुळे रंगात आलेली खेळी तिथंच अडायची. १९१० मध्ये जेरोम कीओ या खेळाडूने उपाय काढला. चौदा चेंडू घाला, पंधरावा टेबलावर राहू द्या. त्रिकोणाचं टोक मोकळं ठेवून चौदा परत मांडा. मग तो पंधरावा घालता घालताच पांढऱ्या चेंडूने त्रिकोण फोडायचा. म्हणून नाव ‘चौदा आणि एक’. माझ्या मते पूलच्या इतिहासातली सर्वात सुंदर युक्ती हीच. कारण खेळाडूला चौदा चेंडू आधीपासून विचार करावा लागतो, की शेवटी कोणता चेंडू कुठे उरायला हवा.

१९१९ पासून राल्फ ग्रीनलीफने, आणि १९४१ ते १९५७ या काळात पंधरा वेळा विली मोस्कोनीने या खेळाचा किताब मिळवला. वडिलांना मुलाने खेळू नये असं वाटे, म्हणून लहानगा विली बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन सराव करी. १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डला त्याने एका प्रदर्शनी सामन्यात सलग ५२६ चेंडू घातले.

‘द हसलर’ हा १९६१ चा चित्रपट याच खेळावरचा. मोस्कोनी त्याचा तांत्रिक सल्लागार होता. पंचवीस वर्षांनी त्याची पुढची कथा ‘द कलर ऑफ मनी’मध्ये आली, तेव्हा पडद्यावर नाइन बॉल हा नऊ चेंडूंचा पूल होता. दूरदर्शन वाहिन्यांना छोटे, झटपट संपणारे डाव हवे होते. एकच माणूस तासभर खेळतोय आणि दुसरा बसून आहे, हे कॅमेऱ्याला परवडेना. नाइन बॉलची यूएस ओपन १९७६ मध्ये सुरू झाली, जागतिक स्पर्धा १९९० मध्ये. ‘चौदा आणि एक’ची जागतिक स्पर्धा मात्र बंद पडली. ती २००६ मध्ये परत उभी राहिली आणि जर्मनीचा थॉर्स्टन होमान विजेता ठरला.

नाइन बॉलमध्ये थरार आहे, हे मान्य. पण एखादा खेळाडू किती दूरवर पाहू शकतो, हे मोजायला कीओच्या नियमाइतकं दुसरं माप नाही. मोस्कोनीचा विक्रम २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ चेंडू घालून मोडला. २०२२ मध्ये जेसन शॉ ७१४ वर पोहोचला. दोघांसमोर कॅमेरा होता; प्रतिस्पर्धी नव्हता.