इनपुट पातळी (गिटार इफेक्ट प्रोसेसर)

इनपुट पातळी म्हणजे गिटार किंवा तत्सम विद्युत् वाद्यातून निघालेला संकेत डिजिटल इफेक्ट प्रोसेसरमध्ये शिरताना किती जोरकस असावा, हे ठरविणारे प्रमाण होय. संकेताचे अंकांत रूपांतर होण्यापूर्वीची ही अखेरची पायरी असल्यामुळे येथे राहिलेला दोष पुढे कोणत्याही इफेक्टने, इक्वलायझरने वा मिक्सरने दूर करता येत नाही. पातळी फार कमी ठेवल्यास वादनासोबत खरखर वर येते. फार जास्त ठेवल्यास ध्वनितरंगाची शिखरे छाटली जातात. या दोषास क्लिपिंग असे म्हणतात. महाराष्ट्रात हा विषय केवळ गिटारवादकांपुरता मर्यादित नाही. मिरवणुकांत वाजणाऱ्या विद्युत् बेंजोलाही पुष्कळदा गिटारसाठी बनविलेले प्रोसेसरच जोडले जातात.

संज्ञा

वाद्याच्या तारेचे कंपन पिकअपमध्ये विद्युत् दाबाच्या चढउतारांत बदलते. या चढउतारांना तांत्रिक मराठीत संकेत व व्यवहारात सिग्नल म्हणतात. अनेक प्रोसेसरवर या संकेताशी संबंधित तीन बटणे असतात. पहिले इनपुट पातळीचे, दुसरे गेन किंवा ड्राइव्हचे आणि तिसरे आउटपुट पातळीचे. बोलण्यात मात्र तिन्हींसाठी ‘आवाज वाढव’ हा एकच प्रयोग रूढ आहे आणि बऱ्याच गोंधळाचे मूळ त्यातच आहे. श्रोत्यांच्या कानी पडणारा आवाज आउटपुट व त्यापुढील ध्वनिवर्धक ठरवितो. गेन हे स्वराच्या खरखरीतपणाचे, म्हणजेच डिस्टॉर्शनचे प्रमाण ठरविते. इनपुट पातळीचे मूळ काम यांपैकी कोणतेच नाही. आलेला संकेत मोजमापाच्या चौकटीत नीट बसतो की नाही, हे ती पाहते.

‘डेसिबल’ हा शब्दही असाच दोन अर्थांनी वापरला जातो. गणेशोत्सवाच्या दिवसांत वृत्तपत्रांतून येणारे डेसिबल हवेतील ध्वनिदाबाचे असतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे, ती या अर्थाने. प्रोसेसरच्या पडद्यावरील डेसिबल निराळे. त्यांना डीबीएफएस म्हणतात आणि ते शून्यापासून खाली मोजले जातात. शून्य म्हणजे यंत्राला मोजता येणारे कमाल मूल्य. उणे सहा म्हणजे त्याच्या सुमारे निम्मा विद्युत् दाब. उणे वीस म्हणजे एक दशांश. त्यामुळे या मापावर शून्य म्हणजे शांतता नव्हे, छत होय.

कार्यपद्धती

पिकअपमधून येणारा विद्युत् दाब अल्प असतो. सिंगल कॉइल प्रकारच्या पिकअपमधून साधारण वादनात व्होल्टचा एक-दोन दशांश भाग एवढा दाब मिळतो. हमबकर प्रकारात तो अधिक असतो, आणि तारांवर जोराचा आघात झाला त्या क्षणी तो एक व्होल्टच्या घरात किंवा त्याहूनही पुढे जाऊ शकतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप सहसा याहून जोरकस असतात. तुलनेसाठी, व्यावसायिक ध्वनियंत्रणेतील लाइन पातळी सुमारे १.२३ व्होल्ट आणि घरगुती उपकरणांतील सुमारे ०.३२ व्होल्ट मानली जाते.

प्रोसेसरच्या तोंडाशी असलेले वर्धक मंडल हा दाब गरजेप्रमाणे वाढविते किंवा घटविते. त्यानंतर परिवर्तक दर सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० वेळा, काही यंत्रांत त्याहून अधिक वेळा, दाब मोजून प्रत्येक वेळी एक अंक नोंदवितो. त्याच्याजवळचा सर्वांत मोठा अंक ठरलेला असतो. संकेत त्यापुढे गेला तरी नोंद त्याच अंकाची होते आणि तरंगाचा गोलाकार माथा सपाट होतो. भाताच्या पायलीवर शीग चढविता येते. या मापाला शीग नाही, काठावर आलेले सारे सांडते. सांडलेले पुन्हा भरता येत नाही, कारण माथा मुळात किती उंच होता याची नोंदच कोठे राहिलेली नसते.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्येही जादा संकेताने तरंग छाटला जातो. तेथे ही क्रिया हळूहळू होते आणि तिच्यातून उपजणारे वरचे स्वर अनेकांना गोड वाटतात. रॉक संगीताचा गिटार-स्वर तर त्यावरच उभा आहे. परिवर्तकाची छाटणी एकाएकी होते. तिचा परिणाम कोरडा, चरचरीत असतो व तो मुद्दाम केलेल्या डिस्टॉर्शनच्या आड लपूनही बसतो. स्वच्छ स्वर निवडल्यावरच तो उघडा पडतो.

बिटसंख्या आणि जुना सल्ला

‘लाल दिवा लागेपर्यंत पातळी चढवावी’ असा सल्ला अजूनही ऐकू येतो. त्याचा उगम चुंबकीय फितीच्या काळात आहे. फितीवर पातळी थोडी ओलांडली तर स्वर जरासा दबत असे, फुटत नसे. उलट पातळी कमी राहिली तर फितीची सरसर ऐकू येई. आरंभीच्या डिजिटल उपकरणांतही हा सल्ला काही अंशी योग्य होता. १९८० च्या दशकातील अनेक डिजिटल डिले उपकरणे १२ बिटांची होती. १२ बिटांत फक्त ४,०९६ पायऱ्या मिळतात आणि सर्वांत बारीक व सर्वांत मोठ्या ध्वनीतील अंतर सुमारे ७२ डेसिबल एवढेच राहते. १६ बिटांत पायऱ्या ६५,५३६ व अंतर सुमारे ९६ डेसिबल होते. आज सर्रास आढळणाऱ्या २४ बिटांच्या परिवर्तकात पायऱ्या १,६७,७७,२१६ आणि सैद्धांतिक अंतर सुमारे १४४ डेसिबल आहे. प्रत्यक्षात मंडलातील उपजत खरखरीमुळे ते यापेक्षा कमी भरते.

एक बिट म्हणजे सुमारे सहा डेसिबल. २४ बिटांच्या यंत्रात वरची १२ डेसिबल जागा मोकळी सोडली तर जेमतेम दोन बिटांचा त्याग होतो. पिकअपची स्वतःची गुणगुण उरलेल्या मापाच्या तळापेक्षा कितीतरी वर असते, म्हणून हा त्याग कानाला जाणवत नाही. छाटलेले शिखर मात्र लगेच जाणवते. आधुनिक यंत्रावर जुना सल्ला पाळण्यास म्हणूनच आता कारण उरलेले नाही.

पातळी ठरविण्याची रीत

प्रथम प्रोसेसरमधील सर्व इफेक्ट बंद करावेत किंवा रिकामा पॅच निवडावा. गिटारवरील व्हॉल्यूमचे बटण पूर्ण उघडावे आणि सर्वांत जोरकस पिकअप निवडावा. नंतर सहाही तारांवर, कार्यक्रमात हात जितका जड पडेल तितक्या जोराने, आघात करावेत. नेमकी येथेच कुचराई होते. घरात बसून पातळी ठरविताना वादक अजाणता मवाळ वाजवितो, आणि मंचावर तीच पातळी अपुऱ्या वावाची ठरते. पातळीदर्शकावर शिखरे उणे १२ ते उणे ६ डीबीएफएसच्या दरम्यान राहतील असे इनपुट लावावे. ज्या लहान यंत्रांत पडद्याऐवजी एकच दिवा असतो तेथे सर्वांत जोराच्या आघाताला तो क्षणभर लुकलुकेपर्यंत पातळी वाढवावी व मग तो मुळीच लागणार नाही इतकी खाली घ्यावी. शेवटी अगदी हळू वाजवून खरखर तपासावी.

अनेक स्वस्त प्रोसेसरमध्ये इनपुटचे बटणच नसते. अशा वेळी गिटारवरील व्हॉल्यूम किंचित कमी करणे किंवा पिकअपचे स्क्रू फिरवून तो तारांपासून थोडा दूर नेणे, हे उपाय राहतात. दुसऱ्या उपायाचा एक लाभ असा, की फार जवळच्या पिकअपचे चुंबक तारांना ओढून कंपन बिघडवितात, तेही थांबते. एकाच कार्यक्रमात दोन गिटार वापरायच्या असल्यास पातळी जोरकस गिटारला धरून लावतात.

संरोध हा वेगळा, पण निगडित मुद्दा आहे. गिटारचे इनपुट साधारणतः एक मेगाओहम संरोधाचे असते. मिक्सरच्या लाइन इनपुटचा संरोध १० किलोओहमच्या आसपास असतो. पिकअप थेट तेथे जोडला तर पातळी घसरते आणि तीव्र स्वर मंदावतात. ही उणीव बटण फिरवून भरून निघत नाही. योग्य भोक निवडणे हाच उपाय होय.

इतर इफेक्टांवर परिणाम

प्रोसेसरमधील आभासी ॲम्प्लिफायर विशिष्ट पातळीचा संकेत गृहीत धरून रचलेला असतो. इनपुट सहा डेसिबलने वाढविल्यास त्याला दुप्पट दाब मिळतो आणि तो लवकर फाटू लागतो. नॉइज गेट व कंप्रेसर यांच्या मर्यादाही त्याच प्रमाणात सरकतात. म्हणून इनपुट आधी व बाकीचे नंतर, हा क्रम मोडू नये. दुसऱ्याने तयार केलेला पॅच आपल्या यंत्रावर वेगळा का वाजतो, याचेही हे एक प्रमुख कारण आहे. याला अपवाद आहेत. फ्रॅक्टल ऑडिओ कंपनीच्या ॲक्स-एफएक्स मालिकेतील यंत्रांत इनपुट जितके वाढवावे तितकी घट परिवर्तकानंतर आपोआप केली जाते, त्यामुळे डिस्टॉर्शनचे प्रमाण बदलत नाही. यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे त्याच्या माहितीपुस्तिकेतूनच कळू शकते.

बेंजोसाठी वापर

महाराष्ट्रात बेंजो या नावाने ओळखले जाणारे वाद्य अमेरिकेतील बँजोपेक्षा भिन्न आहे. १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले ताइशोगोतो हे तंतुवाद्य तयार केले. त्याचेच भारतीय रूप म्हणजे बुलबुल तरंग किंवा बेंजो. पिकअप बसविलेला बेंजो गणेशोत्सव, लग्नाच्या वराती व देवीच्या मिरवणुका यांत मुख्य सुरावट वाजवितो. मुंबईतील अशा वादकांच्या जीवनावर रवी जाधव यांनी ‘बँजो’ (२०१६) हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात रितेश देशमुख यांची प्रमुख भूमिका आहे.

गिटारसाठीची रीत बेंजोला जशीच्या तशी लागू पडत नाही. बेंजोच्या धातूच्या तारांवर पट्टीने होणारा आघात तीक्ष्ण असतो. स्वर लगेच ओसरतो, म्हणजे शिखर व सरासरी यांत अंतर मोठे असते. मंद गतीने हलणारा दर्शक हे शिखर दाखवीतच नाही; तेव्हा शिखरे उणे १२ च्या वर जाऊ न देणे बरे. पातळी अधिक ठेवल्यास कळांची खटखटही वाढते. ढोल-ताशांच्या गजरात वादकाला स्वतःचे वाद्य ऐकू येईनासे होते आणि हात आपोआप इनपुटच्या बटणाकडे जातो. त्याने सूर फुटतो, दूरवर पोहोचत मात्र नाही. गरज असते ती आउटपुट किंवा वादकाकडे वळविलेल्या स्पीकरची.

दोष ओळखणे

सूर फाटल्यासारखा येत असल्यास आउटपुट कमी करून पाहावे. फाटणे नाहीसे झाले तर दोष प्रोसेसरच्या पुढे, म्हणजे मिक्सर, ॲम्प्लिफायर किंवा स्पीकर यांत असतो. प्रोसेसरचे आउटपुट लाइन पातळीवर ठेवून ते गिटार ॲम्प्लिफायरच्या पुढच्या भोकात जोडले, तर असेच घडते. आवाज लहान होऊनही सूर फाटलेलाच राहिला, तर सर्व इफेक्ट बंद करून वाद्याचे व्हॉल्यूम उतरवावे. तेवढ्याने स्वर स्वच्छ झाल्यास इनपुट जास्त आहे असे समजावे.

सतत ऐकू येणारी गुणगुण हा बहुधा अर्थिंगचा प्रश्न असतो. जनरेटरवर चालणाऱ्या गाड्यांवर तो नेहमीचा आहे आणि इनपुट पातळीने तो सुटत नाही. विजेचा धक्का बसण्याची शक्यता असल्याने गुणगुण घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे धोक्याचे आहे. वाद्य हलविताच होणारी कडकड क्लिपिंगची नसून केबलची वा जॅकची असते. घोटी-इगतपुरीसारख्या अतिपर्जन्याच्या भागात गणेशोत्सव ऐन दमट हवेत येतो आणि जॅकच्या धातूवर गंज धरतो. पातळीला हात लावण्यापूर्वी जॅक पुसून, केबल बदलून पाहणे तेथे अधिक उपयोगी पडते.