खिळ्यांपासून संकेतांपर्यंत : मराठी पानाचा बंदोबस्त

छापील पानावर वाचकास अक्षर दिसते, त्यामागचा बंदोबस्त दिसत नाही. आणि तो दिसू नये यातच छापखान्याचे कसब सामावलेले असते. रोमन लिपीचा जुळारी, म्हणजे अक्षरे जुळविणारा कारागीर, लहानमोठ्या अक्षरांच्या दोन केसींवर आपला व्यवहार भागवीत असे. देवनागरीच्या वाट्याला मात्र स्वर, व्यंजने, जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या, उकार आणि रफार यांचा एवढा विशाल परिवार आला की, तो मोजक्या कप्प्यांत कसा बसवावा, हाच मराठी मुद्रणाचा आरंभापासूनचा प्रश्न होऊन बसला.

बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरी खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छापून निघाले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढून मराठी मुद्रणव्यवसायाचा पाया घातला. आणि अमेरिकन मिशनच्या छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली स्वतःचा ओतशाळेचा कारखाना व १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभारून मराठी-संस्कृत अक्षराला जे रेखीव वळण दिले, ते पुढे कित्येक पिढ्या प्रमाण मानले गेले.

या खिळ्यांच्या दोन रीती होत्या. अखंड रीतीत मात्रेसह अक्षर एकसंध ओतलेले असे. त्यामुळे पान सुबक दिसे, परंतु खिळ्यांची संख्या कैक शेकड्यांवर जाई. डिग्री रीतीत एकाच ओळीचे तीन थर कल्पून मधल्या थरात अक्षर, वरच्या थरात मात्रा, वेलांटी व रफार आणि खालच्या थरात उकार असे तुकडे जुळवावे लागत. खिळे कमी लागत, पण जुळाऱ्यास एक ओळ तीनदा रचावी लागे. लिपीची अंगे छाटून तिला कप्प्यात बसविण्याची युक्ती ही अशी जुनीच आहे.

अक्षराखेरीज चित्र, रंग आणि धाटणी यांचाही हिशेब छापखान्यास ठेवावा लागे. चित्राचा जस्ती ठोकळा लाकडावर बसवून खिळ्यांच्या उंचीचा करून घेतल्याशिवाय छाप नीट उठत नसे. मुंबईत १८९४ साली सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्यात एकेका रंगछटेसाठी निराळी शिळा तयार करावी लागे. मथळा किती पॉइंटाचा, टीप कोणत्या टायपात, परिच्छेद कोठून आत घ्यावयाचा, हा सारा तपशील फोरमनच्या मस्तकात असे. आणि तो रजेवर गेला की पुस्तकाच्या पूर्वार्धाची धाटणी उत्तरार्धाशी जुळतेच असे नाही.

१९८५ साली अमेरिकेत लेझर प्रिंटर आणि पेजमेकर ही पानजुळणीची आज्ञावली यांची सांगड पडली, आणि हे दफ्तर टेबलावरच्या यंत्रात आले. मथळा, उपमथळा, मजकूर अशी धाटणींना नावे देऊन ठेवावी, आणि एका ठिकाणी टाइपाचा आकार बदलताच तीनशे पानांतील मथळे बदलावेत, ही सोय फोरमनच्या स्मरणशक्तीहून निःसंशय भरवशाची होती. चित्राची फाइल मात्र पानात केवळ जोडलेली असे. ती सोबत न धाडल्यास छपाईच्या वेळी चित्र धूसर उमटे. पडद्यावरचा रंग तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचा, तर कागदावरचा चार शायांचा. हा भेद विसरणाऱ्याचा झगझगीत निळा कागदावर मळका उतरे.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली. तिचे फॉन्ट आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांच्या बळावर मराठी नियतकालिके संगणकावर जुळू लागली. पण येथेही कप्पे मोजकेच निघाले. फॉन्टात जागा फक्त २५६, आणि त्यांतल्याही काही यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी राखीव. म्हणून पुन्हा अक्षरांचे तुकडे झाले. अर्धा ग एका घरात, त्याचा काना दुसऱ्या घरात, पहिली वेलांटी उच्चारात नंतर येत असूनही साठवणीत व्यंजनाच्या आधी! शिवाय प्रत्येक कारखानदाराची घरे निराळी. परिणाम असा झाला की, फॉन्ट सोबत नसला की सबंध लेखाच्या जागी रोमन चिन्हांचा गोंधळ उमटे. शिशाचा खिळा दुसऱ्या छापखान्यात नेला तरी तोच छाप उठवीत असे. या नव्या खिळ्याची ओळख मात्र त्याच्या घराबाहेर पुसली जाई.

यावरचा उपाय १९९१ सालीच दृष्टिपथात आला होता. भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या इस्की या संकेतप्रणालीने आणि त्याच वर्षी प्रकटलेल्या युनिकोडने आकाराऐवजी वर्ण साठविण्याचे तत्त्व स्वीकारले. आकार घडविण्याचे काम फॉन्टाकडे सोपविले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील रफारांचा भेद, जो पूर्वी वेगळ्या खिळ्याने राखावा लागे, तो आता र आणि ऱ यांच्या भिन्न संकेतांनी मुळातच राखला जातो. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल यांचा संकेत एकच असून फॉन्ट भाषेनुरूप त्यास रूप देऊ शकतो. र. कृ. जोशी यांनी घडविलेला मंगल फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचला. पण पेजमेकरला युनिकोड अखेरपर्यंत उमगले नाही, आणि छापखान्यांनी जुने फॉन्ट पुढेही अनेक वर्षे चालविले.

म्हणून त्या काळात जुळविलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढू पाहणाऱ्या प्रकाशकास आज एक विचित्र अनुभव येतो : कागदावरची प्रत निर्वेध वाचता येते, फाइल मात्र रूपांतर करून, मुद्रिते नव्याने तपासून घ्यावी लागते. मात्रा-वेलांट्यांचे तुकडे पाडून लिपी कप्प्यात बसविणाऱ्यांनी त्या त्या काळाची निकड भागविली, याविषयी त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु मजकूर वर्णाच्या रूपाने आणि त्याची वेशभूषा, म्हणजे फॉन्ट, रंग, चित्रे व धाटणी, वेगळी नोंदवून ठेवावी, हा शहाणपणा त्यांच्या अडचणींतूनच आपल्या पदरी पडला आहे.